अनवधानाने आलेली बाई

भर मांडवात नवरदेवाला दटावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "दात आत घ्या. लगीन हाय, दाताची जाहिरात न्हाई," असं ती त्याला सगळ्या वऱ्हाडासमोर सांगायची आणि नवरदेव निमूट तोंड मिटायचा. ती त्याची आत्या नव्हती की मावशी नव्हती. व्हिडिओ शूटिंगवाली होती.

मंचरला हायवेच्या कडेला, शेतीऔषधांच्या दुकानाच्या वर तिचा स्टुडिओ. स्टुडिओ खरं तर तिच्या नवऱ्याचा. त्याला सगळे भाऊ म्हणत, म्हणून ही वहिनी. खांद्यावर कॅमेरा घेऊन घेऊन भाऊंची पाठ कामातून गेली, तेव्हा घरच्यांनी स्टुडिओ विकायचं ठरवलं होतं. वहिनीनं विकत घ्यायला आलेल्या माणसासमोरच कॅमेरा उचलला, खांद्यावर ठेवला, आणि "ह्यो काय सिलिंडरपेक्षा जड न्हाई," म्हणाली. तेव्हापासून भाऊ काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो काढतात आणि बायको जे म्हणेल त्याला "बरं" म्हणतात.

तिचा कामाचा वेश ठरलेला. नायलॉनची साडी, तिच्यावर भाऊंचा जुना फुल शर्ट, शर्टाच्या खिशात बॅटऱ्या, पायात पांढरे बूट आणि डोक्यावर कुठल्याशा बियाणं कंपनीनं फुकट वाटलेली टोपी. सुरुवातीला लोक हसले असतील. मी तिला ओळखू लागले तोवर हसायची कुणाची टाप राहिली नव्हती. एका लग्नात मंगळसूत्र बांधताना फोकस गेला, तर हिनं गुरुजींना पुन्हा बांधायला लावा म्हणून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बाई, मुहूर्त एकदाच असतो." ही म्हणाली, "मंग बांधायच्या आधी माझ्याकडं बघायचं व्हतं." मंगळसूत्र पुन्हा बांधलं गेलं. ते जोडपं अजून सुखात आहे, त्यामुळे वहिनीला आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही.

ड्रोनचा तिला मनस्वी राग. "वरनं काय दिसतं? मांडव आन् टकलं," एवढंच तिचं त्यावर मत होतं. गिऱ्हाईक अडून बसलं की ती ड्रोनवाल्याला बोलवायची, पण तो आला की त्याला मांडवाच्या मागे भटारखान्याकडे उभं करायची.

पण तिचा खरा हट्ट वेगळाच होता, आणि त्याची गोष्ट पिंपरी पेंढारची आहे. तेव्हा ती एडिटिंग पुण्यातल्या एका मुलाकडून करून घ्यायची. त्या मुलानं एका लग्नाच्या व्हिडिओतून नवरीच्या मामाला पार काढून टाकलं. बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याला प्रत्येक शॉटमध्ये एक फेटेवाला माणूस डोळे मिटलेला दिसला, त्यानं कापला. इकडे मामा बहिणीकडे सगळ्या घरादारासह व्हिडिओ बघायला बसला. नवरीला मांडवात आणली त्यानं, अंतरपाटाशी उभा राहिला तो, आणि पडद्यावर मामाचा पत्ता नाही. पडद्यावरची शेवटची जेवणावळ संपली तसा मामा उठला आणि चहा न घेता निघून गेला. भाऊबीजेलाही बहिणीकडे आला नाही. बहीण रडत स्टुडिओत.

वहिनीनं काय करावं? ती कॅमेरा घेऊन मामाच्या मळ्यात गेली. त्याला तोच फेटा बांधायला लावला, हातात तांदूळ दिले आणि टाका म्हणाली. मामानं भर दुपारी एकट्यानं अक्षता टाकल्या. तो तुकडा तिनं व्हिडिओत घुसवला. गोरज मुहूर्ताचं लग्न, मांडवात दिवे लागलेले, मंगलाष्टकं चाललेली, आणि मध्येच लख्ख उन्हात एक मामा, मागे कांद्याची चाळ, डोळे टक्क उघडे ठेवून अक्षता टाकतोय. मामाला त्यात काही खटकलं नाही. तो मिठाई घेऊन बहिणीकडे गेला. त्या दिवसापासून वहिनीनं एडिटिंग स्वतःच्या हातात घेतलं आणि कायदा केला: "आलेला माणूस कापायचा न्हाई."

या कायद्यामुळे तिच्या व्हिडिओंना अंत नसायचा. बुंदी पाडणारा आचारी, बिड्या ओढत बसलेले ताशेवाले, जनरेटरजवळ घोरणारा माणूस, सगळे असायचे. लोक वैतागायचे, पण शूटिंग पुन्हा तिलाच द्यायचे, कारण आपण त्यात आहोत याची खात्री असायची.

मी राजुरीची. मंचरच्या कॉलेजात बी.ए.ला होते तेव्हा नोटीस बोर्डावर विभागीय लघुपट महोत्सवाचा कागद लागला. विद्यार्थी गट, स्वतंत्र गट, बक्षीस, प्रमाणपत्र. मला तोवर मोबाइलवर काहीबाही जुळवायचा नाद लागला होता आणि एडिटिंग शिकायला पुण्याला जायचं डोक्यात बसलं होतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात बी.एड. होतं. ते वाईट माणूस नव्हते. शेती, बाजार आणि मुलींच्या लग्नाचं वय एवढं सगळं ते एकदम सांभाळत होते. बरेच दिवस हो-नाही झाल्यावर ते म्हणाले, "त्या महोत्सवात बक्षीस आण. मग पुण्याचं बघू. न्हाईतर बी.एड. ठरलं." मी कबूल झाले. दुसरं काही कबूल करून घेण्याइतकं माझं वजन घरात नव्हतं.

कॅमेरा भाड्यानं मागायला म्हणून मी वहिनीकडे गेले. सोबत माझी मैत्रीण होती, तीच आमची नटी. वहिनीनं आधी गोष्टीचा कागद मागितला. वाचून म्हणाली, "ह्याच्यात बिबट्या न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग बस."

आमच्या भागातल्या प्रत्येक पोराच्या गोष्टीत तेव्हा बिबट्या असायचा. उसात बिबट्या, विहिरीत बिबट्या, शेवटी बिबट्याच्या डोळ्यांत माणूस. वहिनीकडे अशी मुलं कॅमेऱ्यासाठी आली की ती त्यांना जिन्यावरूनच परत पाठवायची. "बिबट्या आनलाय का बरुबर? न्हाई ना? आना, मंग बगू." माझ्या गोष्टीत फक्त एक मुलगी होती. पश्चिमेकडच्या डोंगरातली मुलगी अॅडमिशनसाठी शहरात जायला निघते, फाट्यावर एसटीची वाट बघत बसते, एसटी येत नाही, ती रडते आणि घरी परत जाते.

"रडून घरी जाती?" वहिनीनं विचारलं.

"वास्तव आहे ते," मी तोऱ्यात म्हणाले.

"वास्तव बगायला लोकांनी तिकडं कशाला यायचं? घरीच हाय की." पण ती तयार झाली. पैशाचं विचारलं तर म्हणाली, "कॅमेरा मी भाड्यानं देत न्हाई. मी त्याच्यासंग येती." भाऊ काउंटरवरून म्हणाले, "बरं."

अशा आम्ही तिघी पश्चिमेच्या डोंगरात, धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या पलीकडे एका फाट्यावर गेलो. माइक मी बांबूला बांधून धरला होता. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, गवत कंबरेएवढं वाढलेलं. सकाळपासून सगळं नीट झालं. शेवटचा शॉट राहिला. नटीनं बॅगेवर बसायचं, रिकाम्या रस्त्याकडे बघायचं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं की संपलं. पाणी काही येत नव्हतं. मी तिला तिच्या आजोळचं काय काय आठवायला सांगितलं, वहिनीनं तिच्यावर खेकसून पाहिलं. शेवटी आलं एकदाचं. कॅमेरा चालू, पाणी गालावर.

आणि डावीकडून एक बाई फ्रेममध्ये शिरली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, पाय अनवाणी. पन्नाशीची असावी. ती चालत मध्यभागी आली, थांबली, सरळ कॅमेऱ्यात बघितलं, मग रडणाऱ्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "येस्टीची वाट बगती व्हय गं? ती न्हाई यायची आता. बंद केली ती. चालाय लाग." आणि गेली.

आमची नटी इतकी गोंधळली की "हो मावशी" म्हणून उठली, बॅग उचलली आणि खरंच चालायला लागली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत चालत राहिली. मी "कट, कट" ओरडत होते आणि वहिनी कॅमेरा हलवायला तयार नव्हती.

आम्ही तो शॉट पुन्हा घेतला. साफ, सुरेख. पोरगी बसली, रडली, रस्ता रिकामा. मी खूश झाले.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं की खूश मी एकटीच होते. तिच्या त्या खोलीत काम करणं म्हणजे दिव्य. खालून कांद्याचे ट्रक हॉर्न मारत जायचे आणि हॉर्न फिल्ममधला की रस्त्यावरचा ते कळायचं नाही. वहिनीनं आधी आमच्या दर दोन शॉटच्या मध्ये लग्नाच्या अल्बमसारखं पान उलटण्याचा इफेक्ट टाकला. त्यावरून मी तिच्याशी भांडले आणि जिंकले. शीर्षकावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, त्याही मी काढायला लावल्या. त्या बाबतीत तिची आवड भयंकर होती, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे. पण शेवटाशी आलो आणि तिनं साफ शॉट बाजूला ठेवला, बाईवाला लावला.

"वहिनी, ती कॅमेऱ्यात बघतेय."

"बगू दे. समोर ठिवला व्हता आपनच."

"लोक चूक म्हणतील."

"आलेलं माणूस हाय. मी न्हाई कापायची."

मी रुसून घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन दोन्ही शेवट पुन्हा पुन्हा बघितले. आणि मला खरं सांगायचं तर त्या साफ शॉटमधली मुलगी बघवेना. ती बसलेलीच राहायची. मी कितीही वेळा लावलं तरी बसलेलीच. बाईवाला शेवट ठेवून आम्ही फिल्म पाठवली.

फिल्म निवडली गेली. मी राजुरीत पेढे वाटले, अण्णांनी दोन खाल्ले. मग मी स्टुडिओत असताना महोत्सवाच्या संयोजकांचा फोन आला. गोड आवाजाचा तरुण माणूस होता. वहिनीला ऐकायला यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"फिल्म समितीला आवडलीय," तो म्हणाला. "फक्त एक छोटी दुरुस्ती करा. शेवटी एक बाई अनवधानाने फ्रेममध्ये आलीय, कॅमेऱ्यात बघते, बोलतेसुद्धा. तेवढा भाग काढा. मुलगी बसलेली असतानाच संपवा, जास्त परिणामकारक होईल. परवापर्यंत पाठवलं की स्पर्धेत घेऊ."

वहिनीनं मला विचारलं, "अनवधानानं म्हंजी?"

"चुकून," मी म्हणाले.

"कोन चुकून?"

"ती बाई."

वहिनीनं टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी काढलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली. फोन तिनं माझ्या हातातून घेतला आणि स्पीकर चालू असतानाही कानाला लावला. "साहेब, ती रोज त्याच वाटंनं येती. तिचं गवात तिकडं, घर इकडं. अनवधानानं आमी आलो व्हतो तिथं, काठीला माइक बांधून. कापायचं तर आमाला कापा."

"मॅडम, तसं नाही. परीक्षकांना ती तांत्रिक चूक वाटेल."

"वाटू द्या. परीक्षकांना कुनी येस्टी बंद झालीय म्हनून सांगितलं का? तिनं सांगितलं. सबंद फिलममदी त्या पोरीशी बोललेलं दुसरं हाय कोन?"

तो म्हणाला, नियम आहेत. दुरुस्ती नसेल तर फिल्म परीक्षणाबाहेर दाखवता येईल, बक्षिसाला धरता येणार नाही. आणि विचार करून कळवा असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. आधी वहिनीचाच. तिचं काय जात होतं? तिचा स्टुडिओ होता, लग्नं होती, बरं म्हणणारा नवरा होता. बी.एड.ला जावं लागणार होतं ते मला. मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, टोपी पुन्हा घातली आणि म्हणाली, "फिलम तुजी हाय. कापायची तर काप. मी आडवी येनार न्हाई. पण माझ्या मशीनवर न्हाई कापायची."

साफ शॉट पेन ड्राइव्हमध्ये तिनं स्वतः घालून दिला. मंचरमध्ये आणखी दोघांकडे मशीन होतं, ते पंधरा मिनिटांत काम करून देणारे होते. मी जिना उतरून खाली आले, रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिले. कुणाकडे जावं याचा विचार मी करतच नव्हते. मी चिडून त्या गोड आवाजाच्या माणसाशी मनात भांडत होते. मुलगी बसलेली असताना संपवा म्हणे. कुणासाठी परिणामकारक? बसलेल्या मुली बघायला यांना हॉल लागतो. आमच्या गावात कुठल्याही ओट्यावर बघाव्यात. तिथूनच मी त्याला फोन लावला आणि सांगितलं की बाई राहील, तुम्ही परीक्षणाबाहेर दाखवा. वर परत जाऊन सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "मग आपली फिल्म किती वाजता?"

आपली फिल्म महोत्सवात जेवणानंतर लगेच होती. हॉलमध्ये मोजकी माणसं, त्यातली निम्मी पेंगलेली. वहिनी जरीकाठी साडी नेसून आली होती, वर शर्ट मात्र भाऊंचाच. पडद्यावर बाई आली, कॅमेऱ्यात बघितलं, आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. वहिनी खुर्चीतच वळली. "हसाय काय झालं? तुमच्याकडंच बगतीय ती."

हसणं थांबलं. फिल्म संपल्यावर टाळ्या पडल्या, पण फार नाहीत, आणि मी त्या वाढवून सांगणार नाही. चहाच्या टेबलाशी एक परीक्षक मला "इंटरेस्टिंग आहे" म्हणाले आणि बिस्किट घेऊन पुढे गेले. पहिलं बक्षीस शहरातल्या मुलांच्या फिल्मला मिळालं. तिच्यात जुन्नरचा बिबट्या होता. वहिनीनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या आणि माझ्या कानात म्हणाली, "त्याला तरी काम मिळालं."

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "मिळालं का काही?"

"नाही."

"मग ठरल्याप्रमाणं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ठरलं तसंच होतं.

पुढच्या आठवड्यात वहिनीनं मला स्टुडिओत बोलावलं. लॅपटॉप पिशवीत घालून ती तयारच होती. लग्नाचा व्हिडिओ ती कधी दुकानातून देत नसे, घरी नेऊन, सगळ्यांना बसवून दाखवायची. या फिल्मचं तसं घर एकच होतं. आम्ही पुन्हा त्या फाट्यावर गेलो आणि गवताचा भारा नेणारी बाई विचारत विचारत तिच्या वाडीत पोचलो. भात झोडणं चाललं होतं. बाईनं आम्हाला ओळखलं. "त्या काठीवाल्या," असं तिनं सुनेला सांगितलं.

अंगणात उन्हानं दिसेना, म्हणून आम्ही पडवीत लॅपटॉप ठेवला. घरची, शेजारची सगळी गोळा झाली. ती पडद्यावर आली तशी सून म्हणाली, "आत्याबाई, निदान पदर तरी नीट घ्यायचा." सगळे हसले. ती हसली नाही. स्वतःकडे तिचं लक्षच नव्हतं. वळणावर मुलगी दिसेनाशी झाली, फिल्म संपली, तरी ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"मंग?" तिनं विचारलं. "पोचली का ती पोरगी?"

मी वहिनीकडे बघितलं. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायला ही बाई कधी थांबली नव्हती. आता ती लॅपटॉपची वायर गुंडाळत बसली होती, मान खाली घालून, सावकाश.

"नाही अजून, मावशी," मी म्हणाले. "निघालीय."

"कवा?"

"आत्ता."

तिनं मान हलवली. तिच्या दृष्टीनं ते पुरेसं होतं, कारण ती लगेच उठून चहाचं आधण ठेवायला गेली. मी सुनेला विचारलं, फोनला रेंज कुठे मिळते. तिनं घरामागचा वरचा बांध दाखवला. मी त्यावर चढले, अण्णांना फोन लावला, आणि त्यांनी "हॅलो" म्हणायच्या आत सांगितलं की ठरलेलं मी मोडते आहे, मी पुण्याला जाते आहे.